फिरती माणसे आणि स्थिर नोंदवह्या : बीड जिल्ह्यातील ऊसतोड स्त्रियांचे आरोग्य व माहितीची साधने

कोणतीही सेवा सुधारावयाची तर तिच्यासंबंधीची माहिती प्रथम गोळा केली पाहिजे, हे तत्त्व आरोग्यशास्त्र व समाजकार्य या दोन्ही शाखांच्या अभ्यासकांना परिचित आहे. परंतु माहिती पुष्कळ असूनही ती ज्यांच्याविषयी आहे त्यांच्याच उपयोगी पडत नाही, अशीही एक अवस्था असते. बीड जिल्ह्यातील ऊसतोड कामगार स्त्रियांवर झालेल्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न हे या अवस्थेचे ठळक उदाहरण होय. २०१९ साली हा प्रश्न वृत्तपत्रांतून व विधिमंडळातून सर्वांपुढे आला. त्यानंतर आकडे प्रसिद्ध झाले, समिती नेमली गेली, नियम झाले. हे आकडे कोणत्या साधनांतून आले, त्यांचा अर्थ कसा लावावा आणि त्या साधनांत कोणती उणीव राहिली आहे, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

१. प्रश्नाची पार्श्वभूमी

२०११ च्या जनगणनेनुसार बीड जिल्ह्याची लोकसंख्या २५,८५,०४९ होती. जिल्ह्यात अकरा तालुके आहेत. उत्तरेस गोदावरीच्या बाजूला गेवराई व माजलगाव या भागांत सिंचनाची काही सोय आहे; पण बालाघाटाच्या डोंगरपट्ट्यातील आष्टी, पाटोदा, शिरूर कासार, केज, धारूर, वडवणी या तालुक्यांतील शेती मुख्यतः पावसावर अवलंबून आहे. दसरा-दिवाळीच्या सुमारास या पट्ट्यातील हजारो कुटुंबे पश्चिम महाराष्ट्रातील व कर्नाटकातील साखर कारखान्यांकडे निघतात आणि उन्हाळ्यात गाळप संपल्यावर परततात. वर्षाचे पाच-सहा महिने अशी गावे निम्मीअधिक वृद्धांची व मुलांची असतात.

या धंद्याची रचना आरोग्याच्या दृष्टीने समजून घेणे अगत्याचे आहे. नवरा व बायको मिळून एक ‘कोयता’ धरला जातो. मुकादम हंगामापूर्वी ‘उचल’ देतो आणि ती मोळ्या बांधून, गाड्या भरून फेडावयाची असते. एखाद्या दिवशी काम झाले नाही तर ‘खाडा’ पडतो व त्याचे पैसे कापले जातात. स्त्रीला पाळीच्या दिवसांत, गर्भारपणात किंवा आजारात विश्रांती घ्यावयाची झाल्यास तिचा दंड संपूर्ण जोडप्याला बसतो. फडाजवळच्या कोपीत शौचालय नसते, अंघोळीला आडोसा व पुरेसे पाणी नसते. लहान वयातील लग्न, पाठोपाठची बाळंतपणे व जड ओझी यांची त्यात भर पडते. अशा स्थितीत अंगावरून पांढरे जाणे, ओटीपोटात दुखणे, अतिरक्तस्राव या तक्रारी वाढल्या नाहीत तरच नवल.

या तक्रारींपैकी पुष्कळशा औषधोपचाराने बऱ्या होण्याजोग्या असतात. गर्भाशय काढण्याची शस्त्रक्रिया कर्करोग, मोठ्या गाठी, अन्य उपायांनी न थांबणारा रक्तस्राव, अंग फार बाहेर येणे अशा निवडक कारणांसाठी सांगितलेली आहे. तथापि ‘पिशवी खराब झाली आहे, पुढे कर्करोग होईल’ हे वाक्य कानी पडले की उचलीच्या ओझ्याखालील स्त्रीला ‘पिशवी काढून टाकणे’ हाच एकदाचा सुटकेचा मार्ग वाटतो. तरुण वयात ही शस्त्रक्रिया झाली, विशेषतः बीजकोशही काढले गेले, तर पाळी जाण्याच्या वयातील सर्व त्रास अकाली सुरू होतात, हाडे ठिसूळ होतात आणि अंगमेहनतीची शक्ती घटते. जो इलाज काम चालू राहावे म्हणून घेतला तोच कामाची क्षमता हिरावून नेतो.

२. चार आकडे, चार प्रश्न

या विषयावर चार आकडे वारंवार उद्धृत केले जातात. पहिला : राज्य महिला आयोगाने २०१८ साली जिल्ह्यातील २०० ऊसतोड स्त्रियांचे जे सर्वेक्षण केले, त्यात ३६ टक्के स्त्रियांचे गर्भाशय काढलेले आढळले. दुसरा : २०१६-१७ ते २०१८-१९ या तीन वर्षांत जिल्ह्यातील रुग्णालयांत अशा ४,६०५ शस्त्रक्रिया झाल्याचे आरोग्यमंत्र्यांनी जून २०१९ मध्ये विधिमंडळात सांगितले. तिसरा : त्यानंतर विधान परिषदेच्या उपसभापती डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या समितीच्या वेळी ८२,३०९ ऊसतोड स्त्रियांची पाहणी झाली, आणि त्यांपैकी १३,८६१ स्त्रियांची ही शस्त्रक्रिया झाल्याचे दिसून आले. म्हणजे सुमारे १६.८ टक्के, सहा स्त्रियांमागे एक. चौथा : २०१५-१६ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार देशातील १५ ते ४९ वयाच्या स्त्रियांत हे प्रमाण ३.२ टक्के होते.

सामान्य वाचक या आकड्यांकडे पाहून ‘खरा कोणता?’ असे विचारील. अभ्यासकाने विचारावयाचा प्रश्न निराळा आहे : कोणता आकडा कोणत्या प्रश्नाचे उत्तर आहे?

४,६०५ हा आकडा ओघाचा आहे; ठरावीक काळात ठरावीक जिल्ह्यातील रुग्णालयांत किती शस्त्रक्रिया झाल्या, एवढेच तो सांगतो. त्याला छेद नाही. त्या स्त्रियांपैकी ऊसतोड करणाऱ्या किती, शेजारच्या जिल्ह्यातून आलेल्या किती, हे त्यावरून कळत नाही. १३,८६१ हा आकडा साठ्याचा आहे. गेल्या कित्येक वर्षांत झालेल्या शस्त्रक्रिया त्यात एकत्र आल्या आहेत. म्हणून पहिल्यास दुसऱ्याने खोडून काढता येत नाही. ३६ टक्के हे प्रमाण लहान नमुन्यातून आले. प्रश्न अस्तित्वात आहे हे दाखविण्यास असा नमुना पुरेसा असतो. परंतु तो संपूर्ण जिल्ह्यास लावणे धाडसाचे ठरेल. आणि ३.२ टक्के हे प्रमाण पंधरा वर्षांच्या मुलींनाही छेदात धरते. ऊसतोड स्त्रियांशी त्याची तुलना वयोगटवार केली तरच ती न्याय्य होईल. एवढे सर्व मान्य करूनही सहांमागे एक आणि एकतीसांमागे एक यांतील अंतर केवळ वयाच्या फरकाने भरून निघण्याजोगे दिसत नाही. आकड्यांविषयीची सावधगिरी ही प्रश्न नाकारण्याची सबब होऊ नये.

३. नोंद घटनास्थळाची की निवासस्थानाची?

आपल्याकडील बहुतेक आरोग्यविषयक नोंदी घटना जेथे घडते तेथे होतात. १९६९ च्या जन्म-मृत्यू नोंदणी अधिनियमानुसार जन्म जेथे होईल तेथील निबंधकाकडे तो नोंदविला जातो. २००८ पासून चालू असलेल्या आरोग्य व्यवस्थापन माहिती प्रणालीत उपकेंद्र, प्राथमिक आरोग्य केंद्र, तालुका व जिल्हा या पायऱ्यांनी दरमहा जे आकडे चढत जातात, तेही संस्थांचे आकडे असतात. एका गावी राहणाऱ्या समाजासाठी ही पद्धत बऱ्याच अंशी चालते. बीडमधील ऊसतोड कुटुंबांना मात्र ती नेमकी चुकवते. स्त्री पाटोद्याची, गर्भारपणाची पहिली नोंद गावच्या आशा कार्यकर्तीकडे, तिसऱ्या महिन्यानंतरची तपासणी सांगलीकडील एखाद्या केंद्रात किंवा मुळीच नाही, बाळंतपण फडाजवळ, आणि पुढे पोटदुखीचा इलाज तिसऱ्याच जिल्ह्यातील खाजगी रुग्णालयात. अशा क्रमात प्रत्येक नोंदवहीत तिच्या आयुष्याचे एकेक पान सापडते, पण पुस्तक कोठेच नसते.

घरोघरच्या सर्वेक्षणातही ही अडचण वेगळ्या रूपाने येते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात निवडलेले घर बंद आढळल्यास त्याच्या जागी दुसरे घर घेतले जात नाही. नमुना बिघडू नये म्हणून हा नियम योग्यच आहे. परंतु पाहणी हंगामात आली तर कुलूप लावून गेलेली घरे हीच सर्वाधिक गरजू कुटुंबांची घरे असतात. अशा जिल्ह्यात सर्वेक्षणाचा महिना हा नमुन्याइतकाच महत्त्वाचा ठरतो.

बीडच्या अभ्यासकाला हा धडा याआधीही एकदा मिळालेला आहे. ० ते ६ वयोगटात दर हजार मुलग्यांमागे मुलींची संख्या २००१ साली ८९४ होती. २०११ साली ती ८०७ पर्यंत खाली आली. हा ऱ्हास दहा वर्षांत हळूहळू घडत होता. गर्भलिंगनिदानविरोधी कायदा १९९४ सालीच झालेला होता, त्याखाली प्रत्येक गर्भवतीच्या सोनोग्राफीचा तपशील ‘फॉर्म एफ’मध्ये भरावा लागत होता, जन्मनोंदीही दरमहा होत होत्या. म्हणजे माहिती होती, पण ती कोणी एकत्र वाचीत नव्हते. जनगणनेने दहा वर्षांनी जे सांगितले ते नोंदवह्यांनी वर्षभरात सांगितले असते. २०२१ सालची जनगणना लांबणीवर पडल्यानंतर तर चालू नोंदींचे महत्त्व अधिकच वाढले.

४. २०१९ नंतरचे नियम व त्यांची मर्यादा

बीड जिल्हा प्रशासनाने २०१९ साली खाजगी रुग्णालयांना अशा शस्त्रक्रियेपूर्वी जिल्हा शल्यचिकित्सकांची परवानगी घेणे बंधनकारक केले. हाच प्रश्न राजस्थान, बिहार व छत्तीसगड या राज्यांतही आढळला होता व त्यासंबंधी २०१३ साली सर्वोच्च न्यायालयात जनहित याचिका दाखल झाली होती. केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने २०२२ साली अनावश्यक शस्त्रक्रिया टाळण्यासाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. राष्ट्र, राज्य व जिल्हा या तिन्ही पातळ्यांवर देखरेख समित्या असाव्यात, असे त्यांत सांगितले आहे. एप्रिल २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने उपरोक्त याचिका निकालात काढताना या सूचना तीन महिन्यांत अंगीकारण्याचे निर्देश राज्यांना दिले.

हे सर्व स्वागतार्ह आहे. परंतु परवानगीचा नियम एका जिल्ह्यापुरता असेल तर रुग्ण जिल्ह्याची हद्द ओलांडू शकतो. बीडमधील शस्त्रक्रियांचा आकडा घटला म्हणजे बीडच्या स्त्रियांवरील शस्त्रक्रिया घटल्या, असे अनुमान त्यामुळे काढता येणार नाही. निवासस्थानानुसार आकडे मांडले तरच नियमाचा खरा परिणाम कळेल. दुसरे असे की, परवानगी ही शेवटची पायरी आहे. तेथपर्यंत स्त्री पोहोचते त्याआधी तिला उपचार मिळाले होते काय, हे विचारणारी नोंद नसेल तर परवानगी हा केवळ एक कागद होऊन बसेल. आणि ज्या स्त्रीला शस्त्रक्रियेची खरोखरच गरज आहे तिची मात्र त्यात दिरंगाई होईल.

५. माहिती कशी असावी?

वरील विवेचनावरून काही सूत्रे निघतात. पहिले असे की, नोंद व्यक्तीबरोबर फिरली पाहिजे. हंगामाला निघण्यापूर्वी आशा कार्यकर्तीने प्रत्येक स्त्रीची तपासणी, रक्तातील हिमोग्लोबिन, चालू तक्रारी व घेतलेले उपचार यांची मराठीत लिहिलेली पत्रिका तिच्या हाती द्यावी, आणि कारखान्याच्या क्षेत्रातील आरोग्य केंद्राने त्याच पत्रिकेत पुढील नोंद करावी. अंगणवाडीच्या लाभार्थ्यांसाठी राज्याने स्थलांतराचा मागोवा घेणारी पद्धत सुरू केलेली आहे. बालकाच्या आहारासाठी जे शक्य झाले ते मातेच्या आरोग्यासाठी अशक्य असण्याचे कारण नाही.

दुसरे, रुग्णालयाच्या नोंदीत केवळ शस्त्रक्रियांची संख्या न घेता स्त्रीचे वय, मूळ गाव, शस्त्रक्रियेचे कारण, आधी केलेले औषधोपचार, बीजकोश राखले की काढले आणि काढलेल्या अवयवाच्या तपासणीचा निष्कर्ष ही सहा कलमे असावीत. महाराष्ट्रात खाजगी रुग्णालये १९४९ च्या शुश्रूषागृह नोंदणी अधिनियमाखाली येतात; २०२१ साली सुधारलेल्या नियमांत रुग्णहक्कांची सनदही आहे. नव्या कायद्याची वाट न पाहता या चौकटीत पुष्कळ करता येईल.

तिसरे सूत्र गोपनीयतेचे आहे व त्याकडे सर्वांत अधिक दुर्लक्ष होते. आरोग्यपत्रिका मुकादमाच्या हाती गेली तर ती मजूर निवडण्याचे साधन बनेल. ज्या स्त्रीच्या पत्रिकेत रक्तक्षय किंवा गर्भारपण लिहिलेले असेल तिला उचल नाकारली जाईल. मग पुढच्या वर्षी ती तपासणीलाच येणार नाही. जी माहिती स्त्रीची रोजी हिरावते ती कितीही अचूक असली तरी सेवेची नव्हे. म्हणून पत्रिकेची मालकी स्त्रीची असावी, कारखान्यास व मुकादमास केवळ एकत्रित आकडे मिळावेत.

चौथे, माहिती जेथून घेतली तेथे ती परत गेली पाहिजे. गावची टक्केवारी जिल्ह्याला कळते, राज्याला कळते. पण ग्रामसभेला व त्या स्त्रियांना कळत नाही. कोणत्या तक्रारीवर कोणता उपचार, शस्त्रक्रिया केव्हा आवश्यक व केव्हा नाही, दुसऱ्या डॉक्टरचे मत कोठे मिळेल, हे त्यांच्या भाषेत सांगणारी व्यक्ती कोपीपर्यंत पोहोचणे हाही माहितीव्यवस्थेचाच भाग आहे. अंबाजोगाईसारख्या ग्रामीण ठिकाणी शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. तेथील स्त्रीरोग विभाग, जिल्ह्यातील स्वयंसेवी संस्था व आशा कार्यकर्त्या यांची सांगड घातल्यास दुसऱ्या मताची सोय जिल्ह्यातच होऊ शकेल.

६. अभ्यासकांचे काम

या प्रश्नावर आणखी एक सर्वेक्षण करणे सोपे आहे. आहेत त्या नोंदी एकमेकींशी ताडून पाहणे कठीण व अधिक उपयुक्त आहे. एका तालुक्यातील एका उपकेंद्राच्या कक्षेतील गावे घेऊन हंगामापूर्वी, हंगामात व हंगामानंतर तीन वेळा त्याच स्त्रियांची गाठ घेणारा अभ्यास, त्यांच्या संमतीने व नावे गुप्त ठेवून, पदव्युत्तर विद्यार्थ्यांच्या आवाक्यातील आहे. त्यातून मिळणारा आकडा कदाचित वृत्तपत्रांत झळकणार नाही. पण तक्रार सुरू झाल्यापासून शस्त्रक्रियेच्या टेबलापर्यंतच्या वाटेत ती स्त्री नेमक्या कोणत्या ठिकाणी मागे वळविता आली असती, हे तो सांगू शकेल. सेवा सुधारण्यासाठी आज या एका गोष्टीची माहिती सर्वांत अधिक हवी आहे.