घरी केलेलं वाफेचं इंजिन आणि त्याचा बॉयलर: गैरसमज आणि वस्तुस्थिती

मोशी मागे टाकून इंद्रायणीचा पूल ओलांडला, की चिंबळी फाट्यानंतर कुरुळी येतं. चाकणच्या गाड्यांच्या कारखान्यांना सुटे भाग पुरवणाऱ्या लहानमोठ्या शेडचा हा पट्टा. मिलिमीटरच्या शंभराव्या भागाचा हिशेब इथल्या टर्नरला रोजचा. अशा ठिकाणी कुणाला स्वतःच्या हातानं एक छोटं, खरोखर चालणारं वाफेचं इंजिन करावंसं वाटलं, तर त्यासाठी याहून चांगली जागा शोधूनही मिळणार नाही. अडचण वेगळीच आहे. इंजिनाचा बोअर आरशासारखा काढणारी माणसंही बॉयलरचा विषय निघाला की ऐकीव गोष्टींवर विसंबतात, आणि या छंदात ऐकीव गोष्ट जिवावर बेतते ती बॉयलरपाशीच.

पहिला गैरसमज निरुत्साहाचा आहे: हे घरी होण्यासारखं काम नाही, त्याला मोठा कारखाना लागतो. मुंबईच्या वाडिया घराण्यातल्या अर्देशीर खरसेटजींनी 1830 च्या दशकात माझगावच्या आपल्या घरी विहिरीचं पाणी उपसण्यासाठी एक अश्वशक्तीचं वाफेचं इंजिन स्वतः उभं केलं होतं. पुढे 1841 मध्ये ते लंडनच्या रॉयल सोसायटीचे फेलो झाले. हा मान मिळवणारे ते पहिले भारतीय. त्याआधी, 1828 मध्ये, कोलकात्याजवळच्या टिटागढचे लोहार गोलोकचंद्र यांनी श्रीरामपूरच्या मिशनऱ्यांकडचं इंजिन पाहून आपलं इंजिन घडवलं आणि त्याबद्दल 50 रुपयांचं बक्षीस मिळवलं. यांच्यापैकी कुणाकडेही आज कुरुळीतल्या एखाद्या भाड्याच्या गाळ्यात असतो तसला लेथ नव्हता.

दुसरी गोष्ट शाळेपासून डोक्यात बसलेली: जेम्स वॉटनं किटलीचं झाकण उडताना पाहिलं आणि वाफेचं इंजिन शोधलं. वॉटच्या आधी, 1712 मध्येच, न्यूकोमेनचं इंजिन इंग्लंडमधल्या खाणीतलं पाणी उपसू लागलं होतं. वॉटच्या हाती 1763-64 च्या हिवाळ्यात आलं ते ग्लासगो विद्यापीठातलं न्यूकोमेन इंजिनाचं छोटं मॉडेल, दुरुस्तीसाठी. त्याचं सिलिंडर दोन इंच व्यासाचं. खाणीवरचं मोठं इंजिन दिवसभर चालत असे आणि त्याच नमुन्याचं हे मॉडेल चार फेऱ्यांत धापा टाकून थांबे. कारण शोधता शोधता वॉट स्वतंत्र कंडेन्सरपर्यंत पोचला आणि 1769 मध्ये त्यानं पेटंट घेतलं. म्हणजे वाफेच्या इतिहासातलं मोठं वळण एका मॉडेलच्या बिघाडातून आलं.

तो बिघाड आजही प्रत्येक नवशिक्याला भेटतो. मोठ्या इंजिनाचं ड्रॉइंग मापात लहान केलं की ते तसंच चालेल, असं त्याला वाटतं. सगळी मापं निम्मी केली, तर सिलिंडरमधली जागा आठव्या हिश्शावर येते, पण भिंतींचं क्षेत्रफळ चौथ्या हिश्शावरच थांबतं. थंड भिंतीचा वाटा दुपटीनं वाढतो आणि वाफ काम करण्याआधीच तिचं पाणी होतं. म्हणून छोट्या इंजिनाच्या सिलिंडरला उष्णतारोधक गुंडाळी लागते, वाफेचा पाईप आखूड लागतो, आणि सुरुवातीला सिलिंडर तापेपर्यंत साचलेलं पाणी काढून द्यावं लागतं. पाणी दबत नाही. ते अडकलं असताना फ्लायव्हील जोरानं फिरवलं, तर दांडा वाकतो.

याच्या जोडीनं येणारी अपेक्षा म्हणजे अशा इंजिनावर घरापुरती वीज तयार होईल. हिशेब करून पाहा. 12 मिलिमीटर बोअर, 20 मिलिमीटर स्ट्रोक, सिलिंडरमध्ये सरासरी एक किलो (म्हणजे चौरस सेंटीमीटरला एक किलो) दाब, मिनिटाला 600 फेरे आणि वाफ पिस्टनच्या एकाच बाजूनं. पिस्टनवर निघणारी शक्ती सव्वादोन वॉटच्या आसपास येते, आणि घर्षण वजा जाता शाफ्टवर एखादा वॉट उरतो. त्यासाठी पाण्यात दोनशे वॉटच्या घरात उष्णता घालावी लागते. एखादा एलईडी लागेल, आणि तो लागलेला पाहण्यात मोठा आनंद आहे. घराची वीज विसरा.

आता मूळ मुद्दा. सर्वांत खोलवर रुजलेला गैरसमज असा की बॉयलरमधला धोका वाफेचा असतो, आणि लहान बॉयलरमध्ये वाफ ती किती, मग भ्यायचं कशाला? वाफ खरोखरच थोडी असते. तीन किलो दाबाला अर्धा लिटर जागेत मावणाऱ्या वाफेचं वजन जेमतेम एक ग्रॅम भरतं. धोका तिच्याखालच्या पाण्यात आहे. तीन किलो दाबाखाली पाणी सुमारे 144 अंशांवर असतं आणि दाब असेतो ते पाणीच राहतं. सांधा उकलला आणि दाब गेला, की 100 अंशांच्या वरची सगळी उष्णता त्या पाण्याला त्याच क्षणी टाकावी लागते. एक किलो पाण्यातलं सुमारे 80 ग्रॅम पाणी तत्काळ वाफ होतं आणि त्या वाफेला सव्वाशे लिटरहून जास्त जागा हवी असते. टेबलावर ठेवण्याजोग्या भांड्याच्या आत हे सगळं कोंडलेलं असतं. शिवाय खरी वाफ दिसत नाही. आपल्याला दिसतो तो पांढरा लोट म्हणजे थंड होऊन बनलेले पाण्याचे थेंब. गळतीच्या तोंडाशी काहीच दिसत नसलेला जो बोटभर पट्टा असतो, तिथेच हात सर्वांत जास्त भाजतो.

हे एकदा पटलं, की चाचणीचा नियमही आपोआप समजतो. आपल्या भागात प्रत्येक शेडमध्ये सहा-सात किलोची एअर लाईन असते, त्यामुळे बॉयलर झाला की हवा भरून साबणाच्या पाण्यानं गळती पाहू, असं सहज सुचतं. हे कधीही करू नका. दाबलेली हवा ऊर्जा साठवते. भांडं फाटलं तर तुकडे फेकते. चाचणी थंड पाण्यानंच करायची. बॉयलर काठोकाठ भरायचा, आतली हवा पूर्ण घालवायची, आणि प्लंबर पाईप तपासायला वापरतात त्या हातपंपानं दाब हळूहळू चढवायचा. पाणी जवळपास दबतच नाही, त्यामुळे सांधा उकलला तरी थोडं पाणी उडतं आणि काटा शून्यावर येतो. चालवण्याचा दाब तीन किलो असेल, तर नव्या बॉयलरला सहा किलोपर्यंत न्यायचं आणि दहा-पंधरा मिनिटं तिथे रोखायचं. टोकाच्या प्लेटवर डायल गेज लावून ठेवा, ते तुमच्या हाताशी असतंच. दाब चढताना प्लेट थोडी फुगेल. दाब सोडल्यावर डायल मूळ आकड्यावर परत आला पाहिजे. परत आला नाही, तर धातू कायमचा ताणला गेला. गळती नसली तरी तो बॉयलर बाद समजा.

जाड पत्रा घेतला की बॉयलर मजबूत झाला, हेही अर्धंच खरं. 100 मिलिमीटर व्यासाच्या तांब्याच्या नळीला तीन किलोसाठी नुसत्या हिशेबानं मिलिमीटरपेक्षाही कमी जाडी पुरते. सांधे, झीज आणि उष्णतेनं मऊ होणारं तांबं धरून दीड-दोन मिलिमीटर घेतात. नळी गोल असल्यामुळे दाब सहज पेलते. घात करतं ते सपाट टोक. त्याच नळीच्या टोकाच्या प्लेटवर तीन किलो दाबानं सुमारे 240 किलोचा जोर येतो, आणि सपाट प्लेट तो वाकून घेते. म्हणून आतून टोकापासून टोकापर्यंत ताणसळ्या घालतात, प्लेटची कड वळवून तिला ओठ काढतात.

इथे आपल्याकडचा बंब आठवतो. मध्ये जाळाची नळी, भोवती पाणी, वर धुराडं: उभ्या बॉयलरची रचना मराठी घरांनी न्हाणीघरात पिढ्यान्‌पिढ्या वापरली आहे. पुण्याच्या कसबा पेठेतल्या तांबट आळीत ठोकून केलेला जुना बंब भंगारात मिळाला, की कुणीतरी म्हणतंच, याचं तोंड बंद करा, बॉयलर तयार. बंबाचं तोंड वाफेला मोकळं असतं, त्यामुळे त्यात दाब चढतच नाही. त्याचे सांधेही दाबासाठी केलेले नसतात. कथील-शिशाचा डाग 183 अंशांना वितळू लागतो, आणि त्याच्या बऱ्याच आधीपासून त्यातली ताकद जाते. बंब पाहून रचना शिका, त्यावर दाब चढवू नका. भंगारातला गॅसचा सिलिंडर आणि अग्निशामक नळकांडं यांनाही हेच लागू. आतून किती गंजलंय ते दिसत नाही, आणि त्या भांड्याची रचना कुणी आगीवर ठेवण्यासाठी केलेली नसते.

दाबाच्या बॉयलरचे सांधे म्हणून चांदीच्या डागानं जोडायचे. तो कसा करायचा? पत्रा लिंबूफुलाच्या द्रावणात बुडवून लख्ख करायचा. सांध्यात दशांश मिलिमीटरच्या आतली फट ठेवायची, फ्लक्सचा लेप द्यायचा. ज्योत डागाच्या काडीवर कधीच धरायची नाही, ती तांब्यावर फिरवायची. तांबं मंद लाल झालं आणि फ्लक्स काचेसारखा पारदर्शक पसरला, की काडी नुसती टेकवायची. चांदी वितळून फटीत आपणहून ओढली जाते आणि पलीकडच्या बाजूनं चकाकती रेघ उमटते. ती रेघ पूर्ण गोल दिसली पाहिजे. काडी घेताना कॅडमियमविरहित मागून घ्या. कॅडमियमचा धूर फुप्फुसांना मारक असतो, आणि जुन्या मिश्रधातूंत ते सर्रास असे.

कुरुळी-चाकण पट्ट्यातला खास गैरसमज स्टेनलेसचा. एसएसचा पाईप आणि आर्गॉन वेल्डिंगवाला हाकेच्या अंतरावर असताना तांब्याच्या मागे कशाला लागायचं? एसएस 304 गंजत नाही हे खरं, पण गरम पाण्यातल्या क्लोराइडमुळे ताणाखालच्या एसएसमध्ये केसासारखे तडे जातात. बोअरवेलच्या पाण्यात क्लोराइड असतंच, आणि बॉयलरमध्ये पाणी आटत जातं तसं ते दाट होतं. हे तडे बाहेरून दिसत नाहीत आणि पूर्वसूचना देत नाहीत. उष्णता वाहून नेण्यात तर तांबं एसएसच्या वीसपटीहून सरस आहे. बॉयलरला बसवायच्या बुशसाठी पितळही नको. गरम पाणी त्यातलं जस्त खाऊन टाकतं आणि मागे भुसभुशीत तांबं उरतं. गनमेटल किंवा फॉस्फर ब्राँझ घ्या.

सेफ्टी व्हॉल्व्ह बसवला म्हणजे काळजी मिटली, असं मानणारे पुष्कळ आहेत. व्हॉल्व्ह उघडतो एवढ्यानं भागत नाही. वाफेचा मुख्य कॉक बंद, जाळ पूर्ण मोठा, अशा स्थितीत सगळी वाफ त्यातून निघून गेली पाहिजे आणि दाब ठरलेल्या आकड्याच्या दहा टक्क्यांहून वर जाता कामा नये. ही चाचणी पाण्याच्या चाचणीनंतर, मोकळ्या जागेत, लांब उभं राहून करायची. व्हॉल्व्ह फुरफुरतो म्हणून स्प्रिंग आवळणं हा या छंदातला सर्वांत वाईट प्रकार आहे. सीट घासून बसवा. पाण्याच्या काचेवरही आंधळा विश्वास नको. बारीक नळीत बुडबुडा अडकला तर पाणी नसताना पातळी भरलेली दिसते, म्हणून खालचा कॉक मधूनमधून उघडून पातळी पुन्हा वर येते का ते पाहायचं. आणि पाणी तळाला गेलंच, तर जाळ बंद करून भांडं पूर्ण निवू द्या. तापलेल्या कोरड्या तांब्यावर पाणी सोडू नका.

हवेवर चालवलेलं इंजिन खोटं, असंही काही जण मानतात. मला उलट वाटतं. एअर लाईनला रेग्युलेटर लावून एक किलोवर आणा आणि आधी इंजिनच चालवा. डोलत्या सिलिंडरचं साधं इंजिन यासाठी उत्तम, कारण त्याला वेगळा व्हॉल्व्ह लागत नाही. सिलिंडरच डोलताना आपलं छिद्र आत येणाऱ्या आणि बाहेर जाणाऱ्या वाटेवर आणून ठेवतो. मुलं शेजारी असतील, शाळेत दाखवायचं असेल, तर हवाच वापरा. पिस्टन कुठे घासतो, कुठे अडखळतो ते कोरड्या हवेवर नीट कळतं आणि भाजण्याची भीती नसते.

राहिला कायदा. कुणी म्हणतं घरगुती बॉयलरलाही सरकारी परवाना हवा, कुणी म्हणतं कायद्याचा संबंधच नाही. कोलकात्यात 1863 मध्ये बॉयलर फुटून माणसं गेली, तेव्हा 1864 मध्ये बंगालात तपासणीचा कायदा आला. देशभराचा कायदा 1923 चा, आणि आता त्याची जागा 2025 च्या कायद्यानं घेतली आहे. आपल्या राज्यात तो बाष्पके संचालनालय राबवतं. साखर कारखान्यांचे बॉयलर याच तपासणीतून जातात. 25 लिटरपेक्षा कमी धारणेचं भांडं या कायद्याच्या व्याख्येतून वगळलेलं आहे. टेबलावरचा अर्ध्या-एक लिटरचा बॉयलर त्यामुळे सुटतो, आणि त्याकडे पाहायला कुणी निरीक्षक येत नाही. तेव्हा वही आपणच ठेवायची: पत्र्याची जाडी, डागाची काडी कोणती, पहिल्या चाचणीचा दाब आणि तारीख, डायलचा आकडा आधी किती, नंतर किती. पुढच्या चाचण्या ठरावीक काळानं, चालवण्याच्या दाबाच्या दीडपटीनं, आणि प्रत्येक वेळी शेजारी दुसरं एक जाणतं माणूस उभं करून, त्याची सही घेऊन.