सेनापती पुष्यमित्र : एका पदाचा अर्थ

इंदूरहून सांवेरमार्गे उज्जयिनीस जाणारा सांवेर रोड आज कारखान्यांच्या वसाहतीमुळे ओळखला जातो. परंतु ज्या माळव्यातून तो जातो, त्याच माळव्याच्या पूर्व सीमेवर, विदिशेस, कालिदासाने आपल्या 'मालविकाग्निमित्र' नाटकाचे कथानक घडविले आहे. नाटकाचा नायक अग्निमित्र विदिशेचा राजा असून त्याचा पिता पुष्यमित्र हा शुंग वंशाचा संस्थापक होय. हे नाटक शिकविताना आपले लक्ष बहुधा विदर्भकन्या मालविकेच्या प्रेमकथेवर खिळते. रंगभूमीवर एकदाही न येणारा हा पिता उपेक्षितच राहतो.

पुष्यमित्र मूळचा मौर्यांचा सेनापती. सैन्याचे संचलन दाखविण्याच्या निमित्ताने त्याने आपला स्वामी बृहद्रथ याचा वध केला, असे सातव्या शतकात बाणभट्टाने 'हर्षचरिता'त नमूद केले आहे. ही घटना इ. स. पूर्व १८५ च्या सुमाराची मानतात. पुराणांनी त्याला ३६ वर्षांचा राज्यकाल दिला आहे.

नाटकाच्या पाचव्या अंकात पुष्यमित्राचे पत्र येते. अश्वमेधाचा घोडा वर्षभरासाठी मोकळा सोडला होता, सिंधूच्या दक्षिण तीरावर यवनांच्या घोडदळाने तो अडविला आणि नातू वसुमित्राने तो सोडवून आणला, हा त्यातील वृत्तान्त. मनातील रोष टाकून सहकुटुंब यज्ञास यावे, असेही पिता पुत्रास लिहितो. पितापुत्रांत काही दुरावा असावा, हे त्यावरून सूचित होते. पण सर्वांत लक्षणीय गोष्ट अशी की, पुत्र राजा म्हणून मिरवीत असता अश्वमेध करणारा पिता मात्र स्वतःस 'सेनापती' एवढेच म्हणवितो.

ही केवळ कविकल्पना आहे काय? कालिदासाचा काळ सामान्यतः चौथ्या-पाचव्या शतकातला मानतात. म्हणजे तो पुष्यमित्रानंतर सुमारे सहा शतकांनी झाला. तथापि अयोध्येस सापडलेल्या धनदेवाच्या संस्कृत शिलालेखातही दोन अश्वमेध करणाऱ्या पुष्यमित्राचा निर्देश 'सेनापती' असाच आहे. हा लेख कालिदासापूर्वीचा असल्याने, कवीने जुनी परंपरा निष्ठेने सांभाळली, असे म्हणावयास आधार मिळतो. पतंजलीच्या 'महाभाष्या'तही पुष्यमित्राच्या यज्ञाचा उल्लेख व्याकरणाचे उदाहरण म्हणून आलेला आहे.

राज्य हाती आल्यावरही जुने पद का ठेवावे, हे मराठी वाचकांस समजणे अवघड नाही. पेशव्यांनी सत्ता चालविली ती छत्रपतींचे नाव आपल्या मुद्रेत धरून, 'पंतप्रधान' या नात्याने. माळव्यात होळकरांची सत्ता रुजविणारे मल्हारराव १७६६ मध्ये निवर्तले, तेही 'सुभेदार' म्हणूनच. अर्थात हे साम्य पूर्ण नाही. पेशव्यांचा आणि सुभेदारांचा धनी गादीवर होता. पुष्यमित्राने तर आपल्या धन्यासच नाहीसे केले होते. म्हणूनच त्याच्या बाबतीत हे पद निष्ठेची खूण ठरत नाही. सिंहासनावर वंशपरंपरेचा हक्क नसलेल्या पुरुषाने आपले सामर्थ्य सैन्यात आणि आपली मान्यता यज्ञात शोधली, असा त्याचा अर्थ लावणे अधिक सयुक्तिक वाटते.

पुष्यमित्राच्या कीर्तीची दुसरी बाजूही विद्यार्थ्यांपुढे आली पाहिजे. 'दिव्यावदान' हा बौद्ध ग्रंथ त्यास भिक्षूंचा संहारक म्हणून रंगवितो. उलट, भरहुतच्या स्तूपाच्या तोरणावरील लेखात ते शुंगांच्या राज्यात उभारल्याचे नमूद आहे, आणि विदिशेजवळच्या सांचीच्या मोठ्या स्तूपाचा विस्तारही शुंगकाळातलाच मानला जातो. भरहुतचे तोरण पुष्यमित्रानंतरचे असल्याने त्याच्या स्वतःच्या वर्तनाचा निर्णय त्यावरून लागत नाही. पण शुंगांच्या अमलात बौद्ध धर्म नामशेष झाला, हे विधान मात्र त्यावरून टिकत नाही. त्यास धर्मरक्षक म्हणून गौरविणारे आणि धर्मद्वेष्टा म्हणून धिक्कारणारे, दोघेही पुराव्याच्या पुढे धावतात.

या नाटकाचा महाराष्ट्राशीही संबंध आहे. विदर्भाचे राज्य यज्ञसेन आणि माधवसेन या चुलतभावांत विभागून वरदा, म्हणजे आजची वर्धा नदी, ही त्यांची सीमा ठरविली जाते. यज्ञसेनाचा मेहुणा मौर्यांचा सचिव होता आणि तो अग्निमित्राच्या बंदीत होता, या तपशिलाकडे पाहिले म्हणजे विदर्भाच्या युद्धामागे मौर्यपक्षाचा उरलेला विरोध दिसू लागतो. जी गोष्ट प्रेमकथेची पार्श्वभूमी म्हणून आपण ओलांडून जातो, ती वस्तुतः एका सत्तांतराची अखेर आहे.

म्हणून पाचव्या अंकातील ते पत्र केवळ सुखान्तासाठी योजलेली युक्ती समजू नये. वर्गात ते सावकाश वाचावे, शिलालेखाशी ताडून पाहावे आणि 'सेनापती' या एका शब्दापाशी विद्यार्थ्यांस थांबवावे. काव्य हे इतिहासाचे साधन कोठवर होऊ शकते आणि कोठे नाही, हे शिकविण्यास याहून सोयीचे उदाहरण क्वचितच मिळेल.