संमेलन जिल्ह्यात आले, पुढे?

मुरुम धाराशिव जिल्ह्यातल्या उमरगा तालुक्यात, कर्नाटकच्या सीमेजवळ. धाराशिवला (तेव्हाचे उस्मानाबाद) १० ते १२ जानेवारी २०२० या दिवसांत ९३वे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरले. अध्यक्ष फादर फ्रान्सिस दिब्रिटो, उद्घाटक ना. धों. महानोर. एप्रिल २०२२मध्ये शेजारच्या लातूर जिल्ह्यात, उदगीरला, ९५वे झाले. मुरुमच्या वाचकाला मोठी ग्रंथदालने इतक्या जवळ क्वचितच मिळतात, आणि तीही तीन दिवसांत उठतात.

वर्षभर पुस्तक पोहोचवण्याची वाट ‘ग्रंथाली’ या वाचक चळवळीने सत्तरच्या दशकात दाखवली. दिनकर गांगल आणि मित्रांनी वाचकांनाच सभासद केले आणि आगाऊ वर्गणीच्या बळावर पुस्तके स्वस्तात दिली. दया पवारांचे ‘बलुतं’ (१९७८) याच चळवळीतून आले. लक्ष्मण माने यांचे ‘उपरा’ (१९८०) तर लेखकाचे पहिलेच पुस्तक. त्याला १९८१चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. नवख्या लेखकावर असा विश्वास टाकणे हेच छोट्या प्रकाशकाचे खरे बळ.

‘लाल चिखल’ ही कथा लिहिणारे भास्कर चंदनशिव धाराशिव जिल्ह्यातल्याच हसेगावचे. अशा मातीतल्या लेखकांचे प्रकाशन समारंभ पुण्या-मुंबईइतकेच मुरुमच्या महाविद्यालयातही व्हायला हवेत, सवलतीच्या पुस्तकांच्या टेबलासह.