छतावर छत्री बसवायची की फायबरची वाट पाहायची? पैसे देण्याआधी एवढं वाचा



मागच्या बैठकीत मत्स्यबीजाचा हिशेब बाजूला राहिला आणि अर्धा तास एकाच गोष्टीवर गेला. आता म्हणे नेट थेट उपग्रहावरून येणार, टॉवर नको, केबल नको, छतावर छत्री लावली की झालं. आपल्या दोन सभासदांना तर फोन आला होता, "आत्ताच बुक करा, नंतर भाव वाढेल." त्यांनी पैसे दिले नाहीत, बरं केलं. पण त्या दिवशी कुणालाच नीट उत्तर देता आलं नाही. म्हणून माहिती काढली आणि इथे लिहितो आहोत. थोडं लांब आहे, पण वाचा.

आधी पैशाचं. डिसेंबर २०२५ मध्ये स्टारलिंकच्या वेबसाइटवर भारतासाठी महिन्याला ८,६०० रुपये आणि सामानाचे ३४,००० रुपये असे आकडे दिसले. ते व्हॉट्सॲपवर असे फिरले की आपल्या ग्रुपवरच तीनदा आले. कंपनीने लगेच सांगितलं की ती चाचणीची माहिती चुकून दिसली, भारतातले दर जाहीर झालेलेच नाहीत. परवाना जून २०२५ मध्ये मिळाला, इन-स्पेसची मंजुरी जुलैमध्ये, पण आम्ही हे लिहितोय तोवर घरगुती ग्राहकांसाठी सेवा सुरू झालेली नाही. मग आज कुणी बुकिंगचे पैसे मागत असेल तर ते कशाचे? २०२१ मध्ये तर खुद्द कंपनीनेच ९९ डॉलर घेऊन आगाऊ नोंदणी चालू केली होती. परवाना नव्हता, म्हणून दूरसंचार खात्याने त्या नोव्हेंबरात लोकांना सावध केलं आणि कंपनीला पैसे परत करावे लागले. तेव्हा फोनवरच्या माणसाला एक रुपयाही देऊ नका.

आता हे चालतं कसं ते पाहू. टीव्हीची छत्री आपल्याला माहीत आहे. तिचा उपग्रह विषुववृत्तावर ३५,७८६ किलोमीटर उंचीवर एका जागी थांबल्यासारखा असतो, म्हणून छत्री एकदा फिट केली की हलवावी लागत नाही. बँका आणि एटीएमवाले बरीच वर्षं अशाच उपग्रहांवरून नेट वापरतात. अडचण अंतराची आहे. आपण बटण दाबलं की ते वर जातं, खाली येतं, आणि उत्तर परत वर जाऊन खाली येतं. झाले जवळपास दीड लाख किलोमीटर. प्रकाशाच्या वेगानेही अर्धा सेकंद लागतो. टीव्ही पाहायला काही फरक पडत नाही, पण व्हिडिओ कॉलवर दोघंही एकदमच बोलायला लागतात. स्टारलिंकचे उपग्रह साधारण ५५० किलोमीटरवर आहेत, त्यामुळे हा उशीर जवळजवळ जातो. पण इतक्या खालचा उपग्रह एका जागी थांबत नाही, काही मिनिटांत डोक्यावरून निघून जातो. म्हणून ते हजारोंनी सोडावे लागतात, आणि छत्रीला एक कोपरा नाही, मोठं मोकळं आकाश लागतं. घरावर चिंच किंवा आंबा वाकलेला असेल तर नेट दर थोड्या वेळाने तुटेल.

दुसरी गोष्ट आम्हाला जास्त महत्त्वाची वाटली. उपग्रहाचं नेट म्हणजे वाटून घ्यायचं पाणी आहे. इस्रोचा जीसॅट-एन२ हा खास ब्रॉडबँडसाठीचा उपग्रह नोव्हेंबर २०२४ मध्ये सोडला, त्याची क्षमता सेकंदाला ४८ गिगाबिट. आकडा मोठा वाटतो. पण प्रत्येक घराला एकाच वेळी १० एमबीपीएस द्यायचं म्हटलं तर ४,८०० घरांत तो संपला. प्रत्यक्षात सगळे एकदम वापरत नाहीत, म्हणून जास्त घरं बसतात, तरी अख्खा देश त्यात बसणार नाही. स्टारलिंकबद्दलही जुलै २०२५ मध्ये केंद्रीय दूरसंचार राज्यमंत्र्यांनी सांगितलं होतं की भारतात २० लाखच ग्राहक घेता येतील आणि महिन्याचा खर्च तीन हजारांच्या आसपास जाऊ शकतो. फायबरचं उलट आहे. केसासारख्या एका काचेच्या तारेतून गावभराचं नेट जाते आणि तरी जागा उरते. पण ती तार कुणीतरी आपल्या दारापर्यंत आणली पाहिजे ना!

तिथेच घोडं अडतं. ग्रामपंचायतींपर्यंत फायबर नेण्याची योजना २०११ मध्ये मंजूर झाली, तिलाच पुढे भारतनेट म्हणायला लागले. अनेक गावांत पंचायत भवनापर्यंत तार आली, भिंतीवर डबा लागला आणि तिथेच थांबली. डब्याला लाइट नाही, बॅटरी गेलेली, किंवा कुणीतरी जेसीबी चालवला. ऑगस्ट २०२३ मध्ये केंद्राने या योजनेला नव्याने १,३९,५७९ कोटी रुपये मंजूर केले. तार एका जागी तुटली तर दुसऱ्या बाजूने नेट फिरून यावं अशी गोल जोडणी त्यात आहे, आणि दीड कोटी ग्रामीण घरांना जोडण्याचं उद्दिष्ट आहे. पंचायतीपासून घरापर्यंतचं काम गावातलाच उद्योजक करतो आणि कमाईत वाटा घेतो. गंमत पाहा, आपल्या तिगाववरून दिल्ली–चेन्नईची मोठी लाइन जाते, देशभर रुळांच्या कडेने रेलटेलचं फायबर पसरलं आहे, आणि आपण मात्र फोन हातात धरून छतावर फिरतो.

मधला रस्ता म्हणजे टॉवरवरून येणारं घरगुती नेट. २०२३ मध्ये एअरटेल आणि जिओ दोघांनी एअरफायबर नावाने ते चालू केलं. नावात फायबर असलं तरी घरापर्यंत तार येत नाही. छतावरचा छोटा डबा टॉवरशी बोलतो आणि घरात वाय-फाय देतो. जिओचा सुरुवातीचा प्लॅन ५९९ रुपये अधिक जीएसटी असा होता. जिथे टॉवर दिसतो तिथे आमच्या मते आज हेच सगळ्यात लवकर मिळणारं नेट आहे. पण चिचोंडा घाटाच्या बाजूला डोंगर आडवा आला की हे बंद. आणि संध्याकाळी सगळा गाव मोबाइलवर बसला की तेही मंदावतं. घरात रेंज नाही म्हणून लगेच निराश होऊ नका. फोन घेऊन छतावर जा, दोन-तीन कंपन्यांची सिम लावून पाहा. छतावर दोन काड्या येत असतील तर बाहेरच्या अँटेनावर चांगलं चालू शकते.

आता आपल्या धंद्याकडे येतो, कारण बैठकीतलं भांडण तिथूनच सुरू झालं होतं. ऑक्टोबर २०२३ मध्ये पांढुर्णा जिल्हा झाला, ऑफिस जवळ आलं, पण कामं सगळी ऑनलाइन गेली. मच्छीमारांसाठी राष्ट्रीय मत्स्य डिजिटल प्लॅटफॉर्म सप्टेंबर २०२४ मध्ये सुरू झाला, केंद्राच्या नव्या योजनांसाठी त्यावरची नोंदणी लागते. मत्स्य संपदा योजनेतला अपघात विमा मृत्यूसाठी ५ लाखांचा आहे. घरातला कमावता माणूस तलावात गेला आणि त्याचं नाव कुठेच नोंदलेलं नाही, असं कुणावरही येऊ नये. म्हणून नोंदणीसाठी आम्ही मागे लागतो. आणि नोंदणी अडते कशावर? ओटीपीवर. समितीच्या ऑफिसात बसून आम्ही एका काकांचा अर्ज चार वेळा भरला, नेट व्यवस्थित होतं, ओटीपीच आला नाही. तो एसएमएसने येतो, म्हणजे मोबाइलच्या टॉवरवरून. छतावर कितीही महागाची छत्री लावली तरी सिमला रेंज नसेल तर ओटीपीचा भरवसा नाही. काही फोनवर वाय-फाय कॉलिंग चालते, तेव्हा मदत होते, पण आपल्या बऱ्याच सभासदांकडे साधे फोन आहेत. शेवटी काकांना रस्त्याच्या चढावर उभं केलं, पोराने आकडे ओरडून सांगितले, अर्ज भरला गेला. म्हणजे आपली निम्मी तक्रार ब्रॉडबँडची नाहीच, टॉवरची आहे. मागणी करताना हे वेगळं सांगा, नाहीतर चुकीच्या खिडकीत अर्ज जाईल.

हा धडा सहकारात आधी कुणीतरी शिकलेला आहे. कोल्हापूरकडे वारणा सहकारी समूहाच्या ७० गावांत १९९८ मध्ये ‘वायर्ड व्हिलेज’ प्रकल्प आला. गावोगावी कॉम्प्युटर बसवले, ते कारखान्याशी जोडले. शेतकरी तिथे जाऊन पाहत काय, तर उसाची नोंद, वजन आणि पैसे किती झाले एवढंच. कॉम्प्युटर सांभाळणं मात्र महाग पडलं, लाइटचा त्रास वेगळा. काही वर्षांनी मायक्रोसॉफ्ट रिसर्चच्या लोकांनी सात गावांत प्रयोग केला. कॉम्प्युटर काढून तेच काम मोबाइलच्या एसएमएसवर आणलं, आणि ते चाललं. आपलंही तसंच आहे. बीजाचा भाव, पाण्याची पातळी, कोणाची पाळी कधी, हे सगळं साध्या मेसेजवर भागते. मोठं नेट लागते ते मुलांच्या अभ्यासाला, आजारी माशाचा व्हिडिओ अधिकाऱ्यांना दाखवायला आणि तलावावर चोरी होते तिथे कॅमेरा लावायला.

मग उपग्रह कुणासाठी? जिथे बाकी काहीच पोहोचत नाही त्यांच्यासाठी, आणि तिथे त्याला तोड नाही. नरखेड-वरुडकडच्या पाहुण्यांनी बातमी पाठवली होती ती खरी आहे. नोव्हेंबर २०२५ मध्ये महाराष्ट्र सरकारने स्टारलिंकबरोबर इरादापत्रावर सही केली. त्यात गडचिरोली, नंदुरबार, वाशीम आणि धाराशिव अशा जिल्ह्यांतल्या सरकारी संस्था आणि दुर्गम वस्त्या आहेत. घरोघरी छत्री वाटणार असं त्यात नाही, आणि मध्य प्रदेश तर नाहीच. समुद्रावरच्या आपल्या भावांचं उदाहरण अजून चांगलं. ऑगस्ट २०२४ मध्ये पालघरच्या कार्यक्रमात बोटींसाठी इस्रोने बनवलेल्या ट्रान्सपॉन्डरची योजना सुरू झाली, एक लाख बोटींना मोफत. त्यावर सिनेमा दिसत नाही. वादळाची सूचना येते, आणि संकटात बोटीवरून छोटा संदेश जातो. भर समुद्रात टॉवर नाही, तिथे एवढ्यावर जीव वाचू शकतो.

विजेचंही पाहून घ्या, कारण बिल आपल्याच नावाने येते. स्टारलिंकची नेहमीची छत्री साधारण ५० ते १०० वॅट खाते. चोवीस तास चालू ठेवली तर महिन्याला ३५ ते ७० युनिट. फायबरचा डबा दहा-पंधरा वॅटचा, लहान इन्व्हर्टरवरही रात्र काढतो. जोरदार पावसात छत्री अडखळते, फायबर अडखळत नाही. उलट खोदकामात फायबर तुटतं, छत्री तुटत नाही. २४ जुलै २०२५ ला तर स्टारलिंक सॉफ्टवेअरच्या बिघाडाने जगभर अडीच तास बंद होतं.

तर आमचं मत असं. गावठाणातल्या घरांनी आधी फायबर विचारावं, ते नसेल तर टॉवरवरचं नेट. दोन्ही नाही अशी घाटाकडची घरं आणि तलावावरच्या झोपड्या उरतात. त्यांच्यासाठी, सेवा सुरू होऊन दर कळल्यावर, एकेकट्याने नाही तर समितीच्या नावाने एकच छत्री घेता येईल का, हे कंपनीच्या अटी वाचून ठरवू. दहा घरांत वाटलं तर तीन हजारांचे तीनशे होतात. पण असं वाटायला कंपनीची परवानगी आहे का, ते आधी पाहावं लागेल.

पुढच्या बैठकीला येताना एक काम करून या. आपल्या घरी, छतावर आणि तलावाच्या पाळीवर कोणत्या सिमला किती काड्या येतात ते कागदावर लिहून आणा. सोबत वेळही लिहा, सकाळची आणि संध्याकाळची. पंचायत भवनातल्या फायबरबद्दल सचिवसाहेबांना लेखी विचारायचं आहे, त्या अर्जाला हा कागद जोडू. ज्यांची नोंदणी राहिली आहे त्यांनी आधारला जोडलेला मोबाइल चार्ज करून सोबत आणा.