शिबिराच्या वेळापत्रकात नसलेले तास

परीक्षा तोंडावर आल्या की निवासी उन्हाळी शिबिरांच्या जाहिराती पालकांच्या मोबाइलवर येऊ लागतात. मुळशी, पानशेत, भंडारदरा, कर्जत, दापोली. पाच दिवस, सात दिवस. दोरावरून दरी ओलांडणं, नेमबाजी, तंबूतला मुक्काम, शेकोटी. बहुतेक पालक ही यादी पाहूनच शिबिर निवडतात, आणि तिथेच गफलत होते. चांगल्या शिबिरात उपक्रम चालू असताना मुलांवर सर्वाधिक लक्ष असतं. प्रशिक्षक समोर उभा असतो, अंगावर हार्नेस आणि डोक्यावर हेल्मेट असतं. कसोटी लागते ती कागदावर न छापलेल्या वेळात: जेवणानंतरच्या मोकळ्या तासात, अंघोळीच्या वेळी, पाण्याच्या काठावर आणि दिवे मालवल्यापासून पहाटेपर्यंत. शिबिराची पारख या तासांवरून करायला हवी.

पाण्याचंच पाहा. एप्रिल २०१८ मध्ये मुळशी तालुक्यात कातरखडकजवळ उन्हाळी शिबिरासाठी चेन्नईहून आलेल्या मुलांपैकी तिघे धरणाच्या पाण्यात बुडाले. सह्याद्रीतली बरीच शिबिरं अशा जलाशयांच्या काठी भरतात, कारण जागा देखणी असते. पण उन्हाळ्यात पाणी ओसरलं की काठावर गाळ उघडा पडतो, आणि गुडघाभर पाण्यातून चालता चालता पाय अचानक जुन्या ओढ्याच्या खोलगटात जाऊ शकतो. बुडणारं मूल सहसा ओरडतही नाही. तोंड पाण्याखाली-वर होत असताना हाक मारण्याइतका श्वास उरत नाही. त्यामुळे काही पावलांवर बसलेल्या माणसालाही पत्ता लागत नाही. ‘मुलांना पाण्यात उतरवणार का?’ हा प्रश्न म्हणूनच अपुरा आहे. पाण्याचा उपक्रम नसेल तेव्हा मुलांना काठापासून दूर कोण ठेवणार, आणि तो माणूस त्या वेळी दुसरं कोणतंही काम करत नसेल ना, हे विचारायला हवं.

रात्रीबद्दल तर पालक जवळजवळ काहीच विचारत नाहीत. मुलं कुठे झोपतात, मुलींच्या निवासात रात्री कोण असतं, स्वच्छतागृह किती दूर आहे आणि वाटेवर दिवा आहे का, याची उत्तरं माहितीपत्रकात क्वचितच सापडतात. मण्यार रात्री फिरते आणि जमिनीवर झोपलेल्यांना दंश करते. तो दंश बरेचदा दुखतसुद्धा नाही. अशा वेळी मुलाने ‘पोटात दुखतंय’ किंवा ‘डोळे उघडत नाहीत’ म्हटल्यावर ते गांभीर्याने घेणारा मोठा माणूस जवळ असणं आणि प्रतिसर्पविषाचा साठा असलेलं रुग्णालय किती अंतरावर आहे हे त्याला आधीच ठाऊक असणं, यावर जीव अवलंबून असतो. दुसरा धोका माणसांचा. पोक्सो कायद्याखालच्या २०२० च्या नियमांनुसार मुलांना ठेवून घेणाऱ्या किंवा त्यांच्याशी नियमित संपर्क येणाऱ्या संस्थांनी प्रत्येक कर्मचाऱ्याची पोलीस पडताळणी करून घेणं बंधनकारक आहे, मग तो कायम असो वा कंत्राटी. म्हणजे केवळ ताई-दादांची नव्हे, तर स्वयंपाकी, चालक आणि रखवालदार यांचीही. हे विचारलं तर आयोजकाला राग येईल, असा संकोच बाळगू नये. कायद्याने जे करायचंच आहे, त्याची विचारणा म्हणजे अविश्वास नव्हे.

किती मुलांमागे किती मोठी माणसं असावीत, याला अमेरिकेतल्या शिबिरांच्या संघटनेचा दंडक उपयोगी पडतो: निवासी शिबिरात सहा ते आठ वर्षांच्या सहा मुलांमागे एक, नऊ ते चौदा वर्षांच्या आठ मुलांमागे एक. आपल्याकडे शिबिर चालवणारे हे प्रमाण दिवसाचं सांगतात. रात्रीचं वेगळं विचारावं लागतं.

यावर कुणी म्हणेल, शिबिर सरकारकडे नोंदलेलं आहे, मग एवढी चौकशी कशाला? ऑगस्ट २०२१ च्या साहसी पर्यटन धोरणानुसार महाराष्ट्रात साहसी उपक्रम चालवणाऱ्यांना पर्यटन संचालनालयाकडे नोंदणी करावी लागते. ती नसेल, तर पुढे बोलूच नये. पण त्या धोरणाचा मुख्य भर उपक्रमांवर, म्हणजे साधनं, प्रशिक्षक आणि बचाव यांवर आहे. रात्री दोन वाजता तंबूबाहेर कोण जागं असेल, याची हमी तो कागद देऊ शकत नाही. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: इतकं जपलं, तर मूल शिकणार काय? गुडघे फुटू देत, ताट स्वतः घासू दे, आईशिवाय झोपू दे, शिबिर त्यासाठीच असतं. हे सोळा आणे खरं आहे. म्हणूनच दोन प्रकारचे धोके वेगळे ठेवायला हवेत. झाडावर किती उंच चढायचं, याचा अंदाज मुलाला घेता येतो आणि तो त्यानेच घ्यावा. गढूळ पाण्याची खोली किंवा एखाद्या मोठ्या माणसाचा हेतू त्याला मोजता येत नाही. ते काम मोठ्यांचं. राष्ट्र सेवा दलासारख्या संघटनांच्या शिबिरांत पूर्वी चालवणारा बहुधा ओळखीचा, गावातला कार्यकर्ता असे. आजचा आयोजक जाहिरातीतून भेटतो, म्हणून ओळखीची जागा प्रश्नांनी भरून काढावी लागते.

मोबाइल सोबत देऊन ही काळजी मिटत नाही. घरची आठवण जवळपास प्रत्येक मुलाला येते, आणि ती दाटते रात्रीच. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या अकादमीच्या नियतकालिकात २००७ साली याविषयी आलेल्या अहवालाने पालकांना बजावलं होतं, की ‘नाही करमलं तर न्यायला येईन’ असं वचन मुलाला देऊ नका. त्या वचनामुळे मूल रुळण्याऐवजी सुटकेची वाट पाहत राहतं. त्याऐवजी आधी एक-दोन रात्री आजी-आजोबांकडे किंवा मावशीकडे राहायला पाठवावं, घरचा नंबर पाठ करून घ्यावा, आणि कुणी ‘हे घरी सांगू नकोस’ म्हटलं, तर तेच पहिल्यांदा घरी सांगायचं, हे पक्कं करावं. १०९८ ही मुलांसाठीची मदतवाहिनी आहे, हेही त्याला माहीत असू दे.

पैसे भरण्याआधी आयोजकाकडून चार गोष्टी लेखी मागा: नोंदणीचं प्रमाणपत्र, कर्मचाऱ्यांच्या पोलीस पडताळणीची खात्री, रात्रीच्या देखरेखीची व्यवस्था आणि जवळच्या रुग्णालयाचं नाव. जो हे द्यायला टाळाटाळ करतो, त्याच्याकडे मूल पाठवू नका.