पाठीशीं कोण?

प्रवेश मिळाला म्हणजे विद्या पदरीं पडली, असें नव्हे. अमेरिकेंतील कम्युनिटी कॉलेजांचा अभ्यासक्रम दोन वर्षांचा. पण नोकरी व संसार सांभाळतांना पुष्कळ विद्यार्थी तो अर्ध्यावरच सोडतात. न्यूयॉर्कच्या सिटी युनिव्हर्सिटीनें २००७ सालीं यावर ‘असॅप’ ही योजना काढली. पूर्ण वेळ शिकण्याच्या अटीवर उरलेली फी माफ केली, पुस्तकें व प्रवासखर्च दिला आणि वारंवार विचारपूस करणारा सल्लागार नेमला. पुढें गरीब विद्यार्थ्यांचे चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणें दोन गट पाडून तुलना केली. तीन वर्षांत पदवी घेणारे योजनेबाहेर शेंकडा २२, तर योजनेंत ४० निघाले! बुद्धि सारखीच, फरक वेळेवर मिळालेल्या आधाराचा. आपल्या घरच्या विद्यार्थ्यास निकालाच्या दिवशीं जाब विचारणारे पुष्कळ असतात, ‘कोठें अडतें?’ असें दर आठवड्यास विचारणारें कोण आहे?