चीजच्या चवीची खारी बिस्किटे : पोषणमूल्ये, मिश्रद्रव्ये आणि वेष्टनावरील मजकूर

प्रस्तावना

अमेरिकेतील ओहायो राज्यातल्या डेटन या शहरी १९२१ साली ग्रीन अँड ग्रीन या कंपनीने 'चीझ-इट' नावाचे लहान, चौकोनी, नारिंगी रंगाचे क्रॅकर बाजारात आणले. त्याच धर्तीची, चीजची चव असलेली खारी बिस्किटे आता आपल्याकडील किराणा दुकानांत आणि महाविद्यालयांच्या उपाहारगृहांतही सहज मिळतात. या पदार्थाविषयी सुशिक्षित वर्गात दोन टोकांची मते ऐकू येतात. चीज म्हणजे दूध, तेव्हा मुलांना देण्यास हरकत नाही, असे एक मत. पाकिटातले सारे काही 'केमिकल' असते, हे दुसरे. दोन्ही मते वेष्टन न वाचता बनलेली असतात. प्रस्तुत लेखात 'चीझ-इट' हे उदाहरण घेऊन वेष्टनावरील मजकूर कसा वाचावा याचे विवेचन केले आहे. या पदार्थाचे घटक प्रसिद्ध असून त्याच्या वेष्टनाविषयी न्यायालयीन निर्णयही उपलब्ध आहे, म्हणून हे उदाहरण निवडले.

घटकांचा क्रम

घटकपदार्थ वजनाच्या उतरत्या क्रमाने लिहावेत, असा नियम अमेरिकेत आहे आणि भारतातही आहे. 'चीझ-इट'च्या यादीत पहिला क्रमांक मैद्याचा, दुसरा वनस्पती तेलाचा आणि तिसरा चीजचा लागतो. नावात अग्रभागी असलेला घटक वजनात तिसरा आहे, ही एकच नोंद पहिल्या मताचे बरेचसे निराकरण करते.

मैद्याला तेथे 'एनरिच्ड' हे विशेषण लावलेले असते. गव्हाचा कोंडा व अंकुर दळताना वेगळे केले की त्यांच्याबरोबर अनेक पोषकद्रव्येही जातात; त्यांपैकी नायसिन, लोह, थायमिन आणि रायबोफ्लेविन ही परत मिसळली जातात. फॉलिक आम्लाची भर १९९८ पासून अमेरिकेत बंधनकारक झाली. अर्भकांमधील मज्जारज्जूचे जन्मजात दोष टाळणे हा तिचा हेतू होता. भारतात मैद्याचे असे पोषणवर्धन ऐच्छिक आहे. मात्र तंतुमय भाग कोणीही परत मिसळत नाही. हैदराबाद येथील राष्ट्रीय पोषण संस्थेने २०१७ साली प्रसिद्ध केलेल्या अन्नघटक कोष्टकांनुसार १०० ग्रॅम कणकेत सुमारे ११ ग्रॅम तंतू असतात, मैद्यात ते ३ ग्रॅमपेक्षाही कमी भरतात.

आता आकडे पाहू. सुमारे २७ क्रॅकर म्हणजे ३० ग्रॅमच्या एका वाढणीत १५० किलोकॅलरी, ८ ग्रॅम स्निग्ध पदार्थ, १७ ग्रॅम कर्बोदके, ३ ग्रॅम प्रथिने आणि सुमारे २३० मिलिग्रॅम सोडियम असते. एक ग्रॅम स्निग्ध पदार्थापासून ९ किलोकॅलरी मिळतात, म्हणजे जवळजवळ निम्मी ऊर्जा तेलाचीच. प्रथिनांचा हिशेबही उद्बोधक आहे. १७ ग्रॅम कर्बोदकांसाठी साधारण २३ ग्रॅम मैदा लागतो आणि मैद्यात सुमारे दहा टक्के प्रथिने असतात. म्हणजे तीनपैकी दोन ग्रॅमांहून अधिक प्रथिने मैद्याचीच ठरतात. चीजचा वाटा जेमतेम एका ग्रॅमच्या आत उरतो.

रंग, चव आणि खवटपणा

या क्रॅकरचा नारिंगी रंग चीजचा नव्हे. तो दोन वनस्पतींपासून येतो : अ‍ॅनाटो आणि पॅप्रिका. अ‍ॅनाटो म्हणजे आपल्याकडे शेंद्री या नावाने ओळखल्या जाणाऱ्या झाडाच्या बियांवरील रंग. चीजमध्ये तो मिसळण्याची प्रथा जुनी आहे. गाय हिरव्या कुरणात चरते तेव्हा चाऱ्यातील कॅरोटीन दुधात उतरून चीज पिवळसर होते. कोरड्या चाऱ्याच्या दिवसांत ते फिके पडते. हा फरक झाकण्यासाठी युरोपातील चीज बनविणाऱ्यांनी अ‍ॅनाटोचा आश्रय घेतला. गाईचे दूध पिवळसर आणि म्हशीचे पांढरेशुभ्र हे आपल्याला ठाऊक असते. म्हैस कॅरोटीनचे अ जीवनसत्त्वात रूपांतर करून टाकते, हे त्यामागील कारण आहे. म्हणजे रंगावरून चीजचे प्रमाण ठरवणे मुळातच निराधार होय.

भारतीय बाजारातील अशा बिस्किटांत प्रत्यक्ष चीजऐवजी अनेकदा चीजची भुकटी व चववर्धके असतात आणि ती क्रमांकांनी नोंदविलेली असतात. ६२१ म्हणजे मोनोसोडियम ग्लुटामेट. टोकियोचे रसायनशास्त्रज्ञ किकुनाए इकेडा यांनी १९०८ साली समुद्रवनस्पतीच्या रश्शातून ग्लुटामेटची चव वेगळी ओळखली. पक्व चीजमध्ये मुक्त ग्लुटामेट नैसर्गिकरीत्याच भरपूर असते. ६२७ व ६३१ ही द्रव्ये ग्लुटामेटची चव अनेकपटींनी वाढवितात, त्यामुळे ती अगदी अल्प प्रमाणात पुरतात. ती किण्वनाने तयार करता येतात, तशीच मासे वा मांसापासूनही. शाकाहारी वाचकाला येथे क्रमांकापेक्षा हिरव्या चिन्हाचा उपयोग अधिक. ५०० आणि ५०३ हे अनुक्रमे खाण्याच्या सोड्याचे व अमोनियम बायकार्बोनेटचे क्रमांक आहेत. दुसऱ्यापासून निघणारा अमोनिया पातळ बिस्किटातून भाजताना पूर्णपणे निघून जातो, म्हणूनच ते जाड केकमध्ये वापरत नाहीत. क्रॅकरच्या मध्यभागी असलेले छिद्रही शोभेसाठी नसते. वाफेला वाट मिळून तो पापडासारखा फुगू नये यासाठी ते पाडतात.

सर्वाधिक भीती ज्याची व्यक्त होते ते द्रव्य म्हणजे ३१९ क्रमांकाचे टीबीएचक्यू, अर्थात तृतीयक ब्युटिल हायड्रोक्विनोन. क्रॅकरमधील तेल पातळ थरात पसरलेले असते; हवेतील प्राणवायूशी संयोग होऊन त्याला खवट वास येतो. टीबीएचक्यू ही ऑक्सिडीकरणाची साखळी तोडते. अमेरिकेत १९७२ पासून त्यास मान्यता आहे, युरोपीय संघाने ती २००६ साली दिली, जपानमध्ये मात्र ते अनुज्ञेय नाही. जागतिक आरोग्य संघटना व अन्न आणि कृषी संघटना यांच्या संयुक्त तज्ज्ञ समितीने दररोज दर किलो शरीरभारामागे ०.७ मिलिग्रॅमपर्यंतचे सेवन स्वीकारार्ह मानले आहे. स्निग्ध पदार्थात त्याची कमाल मर्यादा दर किलोस २०० मिलिग्रॅम आहे. ही मर्यादा पूर्ण वापरली असे धरले, तरी ८ ग्रॅम तेलात १.६ मिलिग्रॅम टीबीएचक्यू येईल.

वीस किलो वजनाच्या बालकासाठी स्वीकारार्ह मर्यादा १४ मिलिग्रॅम, म्हणजे जवळपास नऊ वाढण्या. त्या नऊ वाढण्यांत सोडियम मात्र २,०७० मिलिग्रॅम होईल. जागतिक आरोग्य संघटनेने प्रौढ माणसासाठी सांगितलेली दिवसाची मर्यादाच २,००० मिलिग्रॅम आहे. दिवसभराच्या आमटी-भाजी-लोणच्यातले मीठ यात धरलेलेच नाही. ज्या द्रव्याच्या नावाने पालक घाबरतात त्याची मर्यादा येण्याआधीच, ज्याला कोणी घाबरत नाही त्या मिठाची मर्यादा ओलांडली जाते. लेखकाच्या मते दुसऱ्या मताची खरी चूक येथे आहे. भीती निराधार नाही, पण तिचा रोख चुकलेला आहे.

मिश्रद्रव्यांच्या यादीत कधीच न दिसणाऱ्या एका पदार्थाचाही येथे उल्लेख करावा लागेल. पिष्टमय पदार्थ उच्च तापमानाला भाजताना अ‍ॅस्परजिन व शर्करा यांच्या संयोगातून अ‍ॅक्रिलामाइड तयार होते, हे स्वीडनमधील संशोधनातून २००२ साली पुढे आले. ते कोणी मिसळत नाही, त्यामुळे ते वेष्टनावर येत नाही. युरोपीय संघाने २०१७ साली क्रॅकरसाठी दर किलोस ४०० मायक्रोग्रॅम ही संदर्भपातळी ठरविली.

दर्शनी बाजू आणि मागची बाजू

'चीझ-इट'च्या एका प्रकाराच्या खोक्यावर 'होल ग्रेन', म्हणजे अख्खे धान्य, असे शब्द मोठ्या अक्षरांत छापलेले होते. खाली लहान अक्षरांत एका वाढणीत असे धान्य ५ ग्रॅम किंवा ८ ग्रॅम असल्याचा खुलासा होता. वाढणी होती २९ ग्रॅमची आणि मुख्य धान्य मैदाच होता. ग्राहकांनी केलेला दावा कनिष्ठ न्यायालयाने फेटाळला. परंतु डिसेंबर २०१८ मध्ये अमेरिकेच्या दुसऱ्या मंडळाच्या अपील न्यायालयाने 'मँटिकास विरुद्ध केलॉग' या प्रकरणी तो निर्णय रद्द केला. दर्शनी बाजूवरील ठळक विधान दिशाभूल करणारे असेल, तर सामान्य ग्राहकाने बाजूचा बारीक मजकूर वाचून सत्य शोधून काढावे अशी अपेक्षा धरता येणार नाही, असा त्या निर्णयाचा आशय आहे.

आपल्याकडे हा प्रश्न अद्याप भिजत पडला आहे. भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाने सप्टेंबर २०२२ मध्ये दर्शनी बाजूवर तारांकित मानांकन छापण्याचा मसुदा काढला. मीठ, साखर व चरबी जास्त असलेल्या पदार्थालाही त्यात काही तारे मिळू शकतात, असा आक्षेप त्यावर घेण्यात आला. एप्रिल २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने या विषयावरील शिफारशी तीन महिन्यांत पूर्ण करण्याचे निर्देश दिले. शाळांसाठी २०२० सालच्या विनियमांनी प्रवेशद्वारापासून ५० मीटरच्या आत असे पदार्थ विकण्यास मनाई केली. महाविद्यालयांसाठी विद्यापीठ अनुदान आयोगाची २०१६ व २०१८ सालची पत्रे आहेत; त्यांचा उपाहारगृहांवर किती परिणाम झाला, हे प्रत्येक प्राध्यापकाने मधल्या सुट्टीत स्वतःच पाहावे.

वेष्टन वाचताना होणारी आणखी एक गफलत लेखकाच्या स्वतःच्या अनुभवातील आहे. विभागात दुपारच्या चहाबरोबर पाकीट फुटते, बोलता बोलता हात जात राहतो आणि पाकीट संपते. सत्तावीस नग मोजून थांबलेला सहकारी अजून पाहण्यात नाही. केव्हिन हॉल व सहकाऱ्यांनी अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेत २० प्रौढांवर केलेल्या आणि २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात, अतिप्रक्रियित आहार हवा तेवढा घेण्यास मुभा दिल्यावर लोकांनी दिवसाला सुमारे ५०० किलोकॅलरी अधिक घेतल्या. दोन्ही आहारांत वाढलेली साखर, मीठ, स्निग्ध पदार्थ व तंतू यांचे प्रमाण सारखे ठेवले होते, तरीही हे घडले. वेष्टनावरील टक्केवारी एका वाढणीची असते आणि ती वाढणी उत्पादकाने ठरविलेली असते. साठ ग्रॅमचे पाकीट एका बैठकीत संपले, तर २३० हा आकडा ४६० असा वाचावा लागतो.